मॅमथ आहेत, माणसं नाहीत

मार्च संपत आला होता आणि रस्त्याच्या कडेला अजून तो मीठ-वाळू मिसळलेला काळपट बर्फाचा ढीग तसाच पडून होता, ज्याच्याकडे बघून आमच्या मिनिआपोलिसला नवीन आलेला पाहुणा हमखास विचारतो, की हाच का तो फोटोतला बर्फ. लेकीने होल्डवर ठेवलेलं पुस्तक आलंय असा मेसेज आला म्हणून लायब्ररीत गेले. काउंटरवर ज्या बाई असतात त्यांचं ओळखपत्र बारीक मण्यांनी विणलेल्या पट्टीला लटकवलेलं असतं, निळे, पिवळे, लाल मणी, मी दर वेळी त्या पट्टीकडेच बघत बसते. त्या ओजिब्वे आहेत, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांनी पुस्तक स्कॅन केलं, कव्हर उलटं-सुलटं करून बघितलं आणि अगदी सहज, म्हणजे आज थंडी आहे असं म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या, "छान आहे हे. ह्यात आम्ही नाही, पण छान आहे."

मी हसले, थँक्यू म्हटलं आणि निघाले. पार्किंगपर्यंत येईस्तोवर ते 'पण' डोक्यात बसलं होतं.

पुस्तक म्हणजे पॅट्रिशिया रीडी यांचं 'थर्टिन्थ चाइल्ड', २००९ सालचं, तीन भागांतला पहिला भाग. टीनएजर मुलांसाठीची फँटसी, पण आपल्याला सवयीचे ते राजवाडे, तलवारी वगैरे काही नाही. ही आहे अमेरिकेच्या फ्रंटियरची गोष्ट, म्हणजे छपरी गाड्या, नवीन वसाहती, मातीने बरबटलेले बूट, बायकांच्या टोप्या, सगळं तेच, फक्त जादू खरी आहे. शाळेत गणितासारखी जादू शिकवतात. आणि इतिहास जरा वळून गेलाय. मिसिसिपीच्या जागी मॅमथ रिव्हर आहे, आणि त्या नदीच्या काठाकाठाने बेंजामिन फ्रँकलिन आणि जेफरसन यांनी एक प्रचंड मंत्राची भिंत उभी केलीय. का, तर पलीकडे मॅमथ आहेत, ड्रॅगन आहेत, आपले नेहमीचे आणि जादूचे असे दोन्ही प्रकारचे जीवघेणे प्राणी आहेत. अलीकडे माणसं राहतात. पलीकडे जाऊन जमीन कसायची तर वसाहतीत एक तरी जादूगार पाहिजे, नाहीतर सरकार परवानगीच देत नाही. नायिका एफ हिचं घर पूर्वेकडून उठून येतं ते नदीकाठच्या मिल सिटी नावाच्या गावात. आता पिठाच्या गिरण्यांमुळे मिल सिटी हे नाव आमच्या मिनिआपोलिसलाच आहे, १८८० च्या जळक्या गिरणीच्या भिंतींच्या आत ह्याच नावाचं म्युझियम आहे, पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेऊन आणतो. त्यामुळे आपण ज्या पुलावरून रोज जातो त्याच्या पलीकडे मॅमथ चरतायत असं वाचायला काय मजा आली म्हणून सांगू. लेकीने तर शाळेच्या बसमधून उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला, "आपलं घर बॅरियरच्या आत येतं का बाहेर?" नकाशा उघडून बघितलं. बाहेर. आम्ही दोघी खूश.

आणि एफ. ही मुलगी मला फार आवडली, ते आधीच सांगून टाकते. ती घरातलं तेरावं मूल, आणि त्या जगात तेरावं मूल म्हणजे साक्षात अपशकुन, मोठं झाल्यावर ते वाईटच निघणार हे ठरलेलं. तिच्याच बरोबर जन्मलेला जुळा भाऊ लॅन मात्र सातव्या मुलाचा सातवा मुलगा, म्हणजे भाग्याचा कळस. काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेली दोन पोरं, एकाला सगळं गाव डोक्यावर घेतंय आणि दुसरीकडे काका-मामांची पोरं अशी बघतात की दूध नासलं तरी हिच्यामुळेच. आपल्याकडे कुणाला हे समजावून सांगायला लागेल? मूळ नक्षत्रावर जन्मलेली, पांढऱ्या पायाची, हिच्या पाठीवर भाऊ नाही, हे शब्द ऐकत मोठी झालेली एक तरी बाई प्रत्येकीच्या नात्यात असते. माझी एक आत्या होती, लग्नकार्यात ती नेहमी मागच्या पडवीत भाजी निवडताना दिसायची, पुढे कधीच नाही, आणि का ते कुणी सांगायचं नाही. एफचं सगळं पुस्तकभर हेच चाललेलं असतं, की मी खरंच तशी आहे का, माझ्या रागात काही विष आहे का. तिला सोडवते ती तिची शिक्षिका मिस ओचिबा, जी 'आफ्रिकन' पद्धतीची जादू शिकवते, आणि ती पद्धत अशी की जे आहे ते आधी नीट बघ, चारी बाजूंनी बघ, मग हात लाव. ह्या भागात मी पुस्तक मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले होते, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही.

म्हणजे लायब्ररीतल्या बाईंच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर होता.

दुसऱ्या अर्ध्या भागाचं असं, की ह्या जगात आशियातून बेरिंगच्या वाटेने माणसं अमेरिकेत कधी आलीच नाहीत. संपूर्ण खंड युरोपची जहाजं येईपर्यंत रिकामा. माणूस आला नाही म्हणून शिकार झाली नाही, शिकार झाली नाही म्हणून मॅमथ टिकले, असा तो हिशोब आहे. पुस्तक आलं तेव्हा ह्यावरून बरंच मोठं भांडण झालं होतं. लेखिकेने लिहितानाच आधी सांगितलं होतं, की जुन्या गोष्टींतले क्रूर रानटी इंडियन (म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी) तिला नको होते आणि हल्लीचे ते निसर्गाशी एकरूप झालेले ऋषितुल्य इंडियनही नको होते, दोन्हींचा कंटाळा, मग ते नसलेलेच बरे, शिवाय मॅमथ ठेवता येतात. मला प्रामाणिकपणे सांगायचं तर हा विचार दुष्ट वाटत नाही. उलट घरातल्या अवघड विषयावर जेवताना बोलायलाच नको असं ठरवणाऱ्या सभ्य माणसासारखा वाटतो. आणि तेच जास्त खुपतं. दोन खोटी चित्रं काढून टाकायची म्हणून माणसंच काढून टाकली, तिसरं चित्र काढून बघावं असं मनात आलं नाही.

आता गंमत बघा, की त्या पुस्तकाला आतून हे कुठेतरी माहीत आहे. त्या जगात ल्युईस आणि क्लार्क, पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेले ते दोघे अधिकारी, पश्चिमेला जातात आणि परतच येत नाहीत. मी तिथे थांबून जोरात हसले. अर्थातच येणार नाहीत! खऱ्या इतिहासात ते १८०४ मध्ये निघाले आणि १८०६ ला धडधाकट परत आले ते काय स्वतःच्या हिमतीवर? पहिला हिवाळा त्यांनी काढला मॅन्डन लोकांच्या गावांशेजारी, त्यांचा मका खाऊन. तिथेच त्यांना सॅकाजाविया भेटली, ती शोशोनी पोर जिच्याकडे पुढे त्या प्रवासात काही महिन्यांचं बाळ पाठुंगळीला होतं. डोंगर ओलांडायला घोडे पाहिजेत तर ते मिळाले शोशोनींकडून, त्यांचा मुखिया निघाला तिचाच भाऊ. डोंगर उतरून अर्धमेले झाले तेव्हा खायला घातलं नेझ पर्स लोकांनी. ही सगळी माणसं खोडरबराने पुसा आणि मग ती मोहीम सोडा नकाशावर. कुठल्याही ड्रॅगनची गरजच नाही, पहिल्याच हिवाळ्यात संपली असती.

आणि मॅमथ तरी कुठून आले? ते जेफरसनच्या डोक्यातून, आणि हे मात्र अगदी खरं आहे, कुठल्याही फँटसीतलं नाही. त्या गृहस्थाला पक्की खात्री होती की निसर्गात कुठलीही जात समूळ नष्ट होतच नाही, तेव्हा हाडं सापडतायत म्हणजे हा प्राणी पश्चिमेला कुठेतरी जिवंत फिरत असणारच. १७९७ मध्ये त्याने एका प्रचंड नखांच्या प्राण्यावर निबंध वाचला, त्याला वाटलं हा सिंहाचा आजोबा आहे, निघाला अजस्र स्लॉथ, झाडाला लटकणाऱ्या त्या सुस्त प्राण्याचा नामशेष झालेला भाऊबंद. अमेरिकेतले प्राणी युरोपपेक्षा खुरटे असतात असं एका फ्रेंच पंडिताने लिहिलं म्हणून ह्याने हट्टाने अख्खा मूस, म्हणजे तिकडचं ते थोराड हरीण, पॅरिसला मागवून घेतला. पुढे राष्ट्राध्यक्ष असताना १८०७ मध्ये क्लार्कला केंटकीत हाडं खणायला धाडलं आणि ती हाडं व्हाइट हाउसच्या एका दालनात पसरून ठेवली. विचार करा, देशाचा कारभार चाललाय आणि शेजारच्या खोलीत जमिनीवर मॅस्टोडॉनचे, म्हणजे मॅमथच्या भाऊबंदाचे दात. मला हा माणूस ह्या एका वेडापुरता फार जवळचा वाटतो. पण ह्याच जेफरसनने १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियानाचा तो अवाढव्य पट्टा 'विकत' घेतला तेव्हा तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि पश्चिमेला मॅमथ सापडेल ही आशा आणि पश्चिमेला अडवणारं कुणी नसेल ही आशा, दोन्ही एकाच मेंदूत शेजारी शेजारी नांदत होत्या.

कागदावर तो पट्टा रिकामा करायला जादूची भिंत लागली नाही, कायदे पुरले. १८६२ च्या मे महिन्यात लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली, १६० एकर जमीन, थोडी फी भरा, पाच वर्षं राहून कसा आणि तुमची. त्याच वर्षी उन्हाळ्यात इथे मिनेसोटात डकोटा ह्या मूळ लोकांना जमिनीच्या करारातले पैसे वेळेत मिळाले नाहीत, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली, गोदामात धान्य होतं आणि लोक उपाशी होते. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, वसाहतवाले शेकड्यांनी मेले, त्यात बायका-पोरंही होती, हेही सांगायला पाहिजे. मग खटले झाले, काही काही तर मिनिटांत उरकले, तीनशेच्या वर लोकांना फाशी ठोठावली. लिंकनने यादी कमी केली आणि २६ डिसेंबरला मँकेटो गावात ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी. बाकीच्या बायका, मुलं, म्हातारे मिळून सोळाशेच्या आसपास माणसं हिवाळाभर फोर्ट स्नेलिंगच्या खाली नदीकाठच्या सखल जागेत कुंपणात कोंडली, कित्येक तिथेच गेली, आणि १८६३ मध्ये उरलेल्यांना राज्याबाहेर हाकललं. ती जागा आमच्या घरापासून गाडीने अगदी जवळ आहे, दोन नद्यांचा संगम आहे तिथे, डकोटा त्याला बिडोटे म्हणतात आणि आपलं मूळ तिथलं मानतात. वरून विमानं जातात, एअरपोर्ट बाजूलाच. भारतातून आई-बाबा आले की आम्ही ह्याच संगमावरून उतरतो, बाबा खिडकीतून खाली बघून दर वेळी म्हणतात, "केवढी मोकळी जागा आहे रे ह्यांच्याकडे."

मोकळी जागा.

'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' खूप जणींनी वाचलं असेल, नाहीतर टीव्हीवर तरी पाहिलं असेल. १९३५ च्या त्या पुस्तकात सुरुवातीलाच एक वाक्य होतं, तिकडे माणसं नाहीत, फक्त इंडियन राहतात, अशा अर्थाचं. जवळजवळ वीस वर्षं ते तसंच छापलं जात होतं आणि कुणाला काही वाटलं नाही, मग १९५२ मध्ये एका वाचकाचं तक्रारीचं पत्र आलं, आणि पुढच्या आवृत्तीत 'माणसं' काढून 'वसाहतवाले' केलं. लेखिका वाईट नव्हती, तिला ते लिहिताना काही खटकलंच नाही, एवढंच. आणि ज्या कॅन्ससमधल्या झोपडीची ती गोष्ट आहे ती झोपडी ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर बांधलेली होती.

इथे मला माझी आजी आठवते आणि मी जरा गप्प होते. आमचं माहेर रायगडातलं, डोंगराच्या पायथ्याचं. आजीची गोष्ट सांगायची एक ठरलेली पद्धत होती, पाय पसरून, सुपारी कातरत, कंदील बारीक करून. परशुरामाने सगळी पृथ्वी दान करून टाकली, स्वतःला राहायला जागा नाही, मग सह्याद्रीवर उभं राहून समुद्रात बाण मारला, समुद्र मागे सरला आणि वर आलं ते कोकण. ओली, कोरी करकरीत जमीन. तिथे कोण असणार? मासे. मग गोष्ट थेट आमच्या खापर-खापर पणजोबांवर यायची, ते आले तेव्हा इथे कुणी कुणी नव्हतं गं, नुसतं रान आणि वाघ. आणि पुढच्याच वाक्यात, तोच श्वास, "मग त्या कातकऱ्याने दाखवलं विहीर कुठे खणायची ते." आम्ही सगळी भावंडं अंगावर गोधडी घेऊन ऐकत असायचो, कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. कुणी नव्हतं, आणि कातकऱ्याने पाणी दाखवलं. त्या विहिरीचं पाणी मी पंधराव्या वर्षापर्यंत प्यायलेय. वाडीतली माणसं खैराचा कात पाडायची, पावसाळ्याआधी कामाला यायची, अंगणाच्या कडेला बसून चहा प्यायची, त्यांचे कप वेगळे, वळचणीला खोचलेले. ती सगळी डोळ्यांसमोर होती आणि तरी गोष्टीत नव्हती. तेव्हा रीडीबाईंनी जादूने खंड रिकामा केला ह्यावर मी फार मोठ्या तोंडाने बोलावं असं मला वाटत नाही, आमच्याकडे तर त्यासाठी चक्क देव कामाला लावलेला आहे. बाण मारला की मागचं सगळं आपोआप पुसलं जातं, जमीनच नवी म्हटल्यावर जुने मालक कुठून येणार.

पण बोलायला तर हवंच, कारण फँटसी म्हणजे शेवटी आपल्याला काय सोयीचं वाटतं त्याचा नकाशाच असतो. ड्रॅगन आपण शोधून काढतो, त्याचं काही वाटत नाही. काय काढून टाकतो ते बघावं.

साबुदाण्याची खिचडी घ्या. हे मी गेल्या एकादशीला पातेल्यात मिरची टाकताना मोजलं आणि हातातला झारा तसाच राहिला. साबुदाणा कसाव्हाच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची तीही अमेरिकेचीच. हे सगळं रानातून उचलून कुणी आणलेलं नाही, हजारो वर्षं तिथल्या माणसांनी निवडून, पेरून, कडू-विषारी ते गोड करत घडवलेलं आहे, कसाव्हाच्या काही जातींमधलं विष कसं काढायचं तेही त्यांनीच शोधलं. ती माणसं खंडात आलीच नाहीत असं म्हणा आणि मग माझ्या पातेल्यात काय उरतं? तूप, जिरं आणि मीठ. आमचा अत्यंत सनातन, सोवळ्यातला उपास त्या पुसलेल्या लोकांच्या जिवावर चाललाय. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग वरी खा." बरोबर आहे, वरी आपली.

असो. तर काढून न टाकता काय करता येतं? ह्याच जातीची एक जुनी मालिका आहे, तिच्यातलं 'रेड प्रॉफेट' हे १९८८ चं पुस्तक मी लग्नाआधी पुण्यात सेकंडहँड घेऊन वाचलं होतं, पानांना कुणाच्या तरी घरच्या मसाल्याचा वास होता. तिथेही सातव्या मुलाचा सातवा मुलगा, तिथेही वळलेला इतिहास आणि गावठी जादू, पण शॉनी लोकांचे टेकुमसे आणि त्याचा भाऊ तेन्स्क्वाटावा हे दोघं गोष्टीच्या मध्यभागी आहेत. खऱ्या इतिहासात १८११ च्या नोव्हेंबरमध्ये टिपेकनूला हॅरिसनच्या सैन्याशी लढाई झाली आणि नंतर त्याने त्यांचं गाव जाळलं, आणि त्या भांडवलावर तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, टिपेकनूच्या नावाची घोषणा देत. पुस्तकात तिथे नि:शस्त्र लोकांची कत्तल होते, आणि ज्यांनी ती केली त्यांच्या हातांतून रक्त गळायला लागतं. ते थांबवायचा एकच मार्ग, भेटेल त्या प्रत्येक अनोळखी माणसाला आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सांगितलं नाही की हात परत ओले. त्या पुस्तकात मला न पटणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, गोऱ्या पोराला सगळ्यांचा तारणहार करायची हौस आहे, आणि आदिवासींची जमिनीशी असलेली ती मंतरलेली नाळ हे रीडीबाईंना नको असलेलंच चित्र आहे. पण ते हात मी विसरले नाही. जादू असावी तर अशी, की तिने आठवायला लावावं.

आणि हल्ली तर ज्यांना वगळलं तेच लिहायला लागलेत, मग प्रश्नच मिटला. लिपान अपाची लेखिका डार्सी लिटल बॅजर हिचं 'एलात्सोए' २०२० मध्ये आलं, आजच्या टेक्ससमध्ये घडतं पण तो टेक्सस जादूचा आहे, नायिकेला मेलेल्या प्राण्यांची भुतं बोलावता येतात आणि तिच्या सोबतीला तिच्या मेलेल्या कुत्र्याचं भूत आहे, ते बोलावलं की शेपूट हलवत येतं. आणि तिची कितीतरी पिढ्यांमागची पणजी, जिने हीच विद्या वापरून राक्षसांशी झुंज दिली, तिच्या गोष्टी घरात अशा सांगतात की ती आत्ता मागच्या खोलीत असेल. मला ह्यात सगळ्यात जास्त काय आवडलं तर कुणी कुणाला आपलं दुःख समजावत बसत नाही. पोरगी खुनाचा तपास करते, कुत्र्याला सांभाळते, आईशी हुज्जत घालते. लेकीने ते एका रात्रीत संपवलं आणि सकाळी डोळे चोळत म्हणाली, आपल्याकडे पण एक भूत-कुत्रा पाहिजे, खायला घालायला लागत नाही.

पण तिचा आक्षेप मात्र कायम होता, आणि तो आक्षेप काही पोरकट नाही. ती म्हणाली, "आई, तुझं बरोबर आहे, पण माणसं घातली की मॅमथ मरतात ना? मग मी काय निवडायचं?" तेरा वर्षांच्या मुलीने असं विचारलं की आपण आधी फ्रिज उघडून बघतो. मग मी तिला न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सबद्दल सांगितलं. पांढऱ्या जिप्समच्या त्या सपाट वाळवंटात, जे पूर्वी तळ्याचा काठ होतं, माणसांची पावलं सापडलीत, काही तर २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीची, २०२१ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा भल्याभल्यांची गणितं चुकली होती. म्हणजे माणसं आणि मॅमथ एकाच चिखलात हजारो वर्षं चालत होते. मग मॅमथ का संपले, शिकारीने की हवामान बदलून, ह्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, पण माणूस आला आणि लगेच मॅमथ संपले इतकं ते सरळ नाही.

आणि तिथेच एक वेगळी वाट आहे पावलांची, जी मी वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. दीड किलोमीटरच्या वर लांब, जवळजवळ सरळ. एक ठेंगणी बाई, किंवा वयात आलेली मुलगीही असेल, निसरड्या चिखलातून झपझप चालत गेलीय. पावलं कुठे कुठे जरा घसरलेली, एका बाजूला जास्त भार पडलेला, आणि मधेच काही ठिकाणी शेजारी इवलीशी पावलं, तीन वर्षांच्या आतल्या पोराची. म्हणजे कडेवर पोर होतं, हात भरून आला की खाली ठेवायची, श्वास घ्यायची, परत उचलायची. आपण सगळ्याजणींनी केलंय हे, कुणी एसटी स्टँडवर, कुणी एअरपोर्टवर. मग त्याच वाटेने ती परत आलीय, पोराशिवाय. आणि तिच्या जाण्या-येण्याच्या मधल्या वेळात तिच्या पावलांवरून एक मॅमथ गेलाय, आपल्याच नादात, आणि एक अजस्र स्लॉथ आलाय, तो मात्र थबकून मागच्या पायांवर उभा राहिलेला दिसतोय, बहुतेक माणसाचा वास घ्यायला. तोच हा प्राणी, म्हणजे त्याचा भाऊबंद, ज्याच्या नखांवरून जेफरसनला सिंह वाटला होता.

लेक ऐकता ऐकता कधी वही घेऊन आली मला कळलं नाही. तिने ताबडतोब ठरवून टाकलं की हीच खरी फ्रंटियर फँटसी आहे आणि ही ती लिहिणार. मी म्हटलं लिही, पण त्या लोकांबद्दल लिहायचं तर त्यांचं आधी वाचायला लागेल, लायब्ररीतल्या बाईंना विचार काय काय आहे ते. ती म्हणाली ते विचारीनच. मग खरी भांडणं सुरू झाली. तिच्या मते जादू पोराकडे आहे म्हणून बाई त्याला घाईने पोचवायला निघालीय. मी म्हटलं हे काय, दीड किलोमीटर चिखलातून ओझं वाहून नेलं तिने आणि जादू आयती त्या तीन फुटी साहेबांना? जादू तिच्याकडे असू दे. त्यावर ती म्हणाली की तू नेहमीच आयांची बाजू घेतेस, आणि मग दोघींना थोडी थोडी असं तडजोडीत ठरलं. मॅमथला जादू नाही, तो नुसता मॅमथ, हे मात्र एकमताने. बॅरियर नको, हेही तिनेच सुचवलं, कारण मग स्लॉथ वास घ्यायला येणार कसा. सध्या सगळं अडलंय ते स्लॉथ बोलतो का नाही ह्यावर. माझं मत, नको बोलायला. तिचं म्हणणं, तू लिही मग तुझं वेगळं.